मेट्रनबाई निवृत्त होण्यापूर्वी

रुग्णालयावर येणाऱ्या बहुतेक आपत्ती पूर्वसूचना न देता येतात, आणि त्यांना तोंड देण्याची तयारी ठेवणे हा रुग्णालयाचा नित्यधर्मच होय. परंतु एक घटना अशी आहे की, जिची तारीख सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर, जन्मतारखेच्या रूपाने, तीस-पस्तीस वर्षे आधीच नोंदलेली असते, आणि तरीही ती घडते त्या दिवशी अधीक्षकांपासून वॉर्डबॉयपर्यंत सर्वजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतात. ती घटना म्हणजे मेट्रनची सेवानिवृत्ती. शाल-श्रीफळ होते, भाषणे होतात, फोटो निघतो, सायंकाळी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून बाई घरी जातात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात दोन सिस्टर कमी पडल्या, त्या कोणत्या वॉर्डातून उचलाव्यात, हा प्रश्न जिच्यासमोर येऊन उभा राहतो, तिला तो सोडविण्याचा अधिकारही कोणी दिलेला नसतो आणि सवयही लावलेली नसते.

हा लेख त्या दुसऱ्या दिवसाच्या सकाळीविषयी आहे. रुग्णालयांचे संचालक, धर्मादाय संस्थांचे विश्वस्त, आज अधिसेविकेच्या, म्हणजे मेट्रनच्या, पदावर असलेल्या भगिनी, आणि उद्या ते पद ज्यांच्याकडे यावयाचे आहे त्या सिस्टर व ब्रदर, या सर्वांना उद्देशून तो लिहिला आहे. जबलपूर हे या विचाराला मोठे सोयीचे शहर आहे. जुन्या मंडळींच्या तोंडी अजून ‘व्हिक्टोरिया’च असलेले शेठ गोविंददास जिल्हा रुग्णालय येथे आहे, स्त्रियांसाठी एल्गिन आहे, १९५५ साली निघालेले आणि आज नेताजी सुभाषचंद्र बोसांचे नाव धारण करणारे मेडिकल कॉलेज व त्याचे विस्तीर्ण रुग्णालय आहे, रेल्वेचे निराळे, खमरियाच्या आयुध निर्माणीचे निराळे, लष्कराचे निराळे, आणि राइट टाउन व नेपियर टाउनच्या रस्त्यांवरून चालू लागावे तर खासगी इस्पितळांच्या पाट्या संपता संपत नाहीत. परिचर्येच्या कारभाराचे इतके भिन्न शिरस्ते एका गावात शेजारी-शेजारी नांदत असता एकाने दुसऱ्याचे पाहून शिकू नये, याचे नवल वाटते. लष्करी परिचर्या सेवेतील अधिकाऱ्यांच्या बदल्या ठरावीक मुदतीने होत असल्यामुळे चार्ज लेखी देणे आणि लेखी घेणे तेथे अंगवळणी पडले आहे. उलट जेथे एकच बाई एकाच इमारतीत पाव शतक काढते, तेथे सारा कारभार तिच्या स्मरणशक्तीवर विसंबून चालतो, आणि तो उत्तम चालतो म्हणूनच त्यातील धोका कोणाच्या ध्यानात येत नाही.

जबलपूरच्या मराठी वाचकाला तर उत्तराधिकाराची महती वेगळी सांगावयास नको. १७९८ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आला. १८१६ च्या मार्चमध्ये दुसरे रघूजी वारले, गादीवर बसलेले परसोजी दुर्बल निघाले, त्यांच्या नावाने कारभार पाहणाऱ्या आप्पासाहेबांनीच वर्षाच्या आत त्यांचा काटा काढला असा प्रवाद उठला, पुढच्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, आणि १८१७ चा डिसेंबर सरण्यापूर्वी जबलपूर इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. मेट्रनच्या खुर्चीसाठी तोफा डागल्या जात नाहीत हे खरे. परंतु खुर्ची रिकामी झाल्यावर ज्येष्ठ सिस्टरांमध्ये जी धुसफूस चालते, जे अर्जफाटे होतात आणि ज्या निनावी तक्रारी अधीक्षकांच्या टेबलावर येऊन पडतात, त्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा दाखला अगदीच अप्रस्तुत वाटणार नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. वारस निवडणे म्हणजे उत्तराधिकाराची तयारी, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ती चुकीची आहे. नाव ठरविणे हे या कामातील सर्वांत सोपे, आणि सरकारी रुग्णालयात तर पुष्कळदा आपल्या हाती नसलेले काम होय. खरे काम निराळे आहे: आजची अधिसेविका खुर्चीवर असतानाच तिच्या अधिकाराचा काही भाग, खराखुरा आणि परिणामांसकट, दुसऱ्यांच्या हाती जावा, आणि तो त्यांनी वापरलेला तिने आपल्या डोळ्यांनी पाहावा. हे झाले तर कोणाचेही नाव आले तरी रुग्णालय अडत नाही. हे न झाले तर अत्यंत योग्य व्यक्ती नेमूनही पहिली दोन वर्षे चाचपडण्यात जातात.

प्रथम एक साधा तक्ता करावा. पुढील दहा वर्षांत कोण कोण निवृत्त होणार, हे सेवापुस्तकांवरून एका दुपारी काढता येते, आणि ते काढले म्हणजे बहुधा धक्का बसतो; कारण ज्या वर्षी मोठी भरती झाली त्या वर्षीच्या साऱ्या सिस्टर निवृत्तही एकदमच होतात. हे केवळ आपलेच दुखणे नाही. जगातील सुमारे १७ टक्के परिचारिका येत्या दहा वर्षांत निवृत्त होतील, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या आपल्या परिचर्याविषयक अहवालात म्हटले होते. मात्र हा तक्ता केवळ मेट्रनच्या पदापुरता करून भागणार नाही. शस्त्रक्रियागृहाची इंचार्ज सिस्टर, प्रसूतिकक्षाची, नवजात विभागाची, आणि निर्जंतुकीकरण विभागात ऑटोक्लेव्हजवळ वर्षानुवर्षे उभी राहून कोणत्या सर्जनच्या ट्रेमध्ये कोणते हत्यार हवे हे तोंडपाठ म्हणून दाखविणारी ती अबोल बाई, यांच्यापैकी एक गेली तरी जो गोंधळ उडतो तो मेट्रन गेल्याच्या गोंधळाहून कमी नसतो. अशी पदे प्रत्येक रुग्णालयात सात-आठ तरी निघतात; आणि आश्चर्य असे की, पदनामांच्या अधिकृत यादीत त्यांतील निम्म्यांचा वेगळा उल्लेखही नसतो.

त्यानंतरचे काम अधिक नाजूक आहे, आणि ते म्हणजे अलिखित कारभार कागदावर उतरवून घेणे. अधिसेविकेच्या कर्तव्यांची सूची दप्तरात असते, परंतु ती वाचून कोणाला अधिसेविका होता येत नाही. तिच्या कामाचे मर्म पाहावयाचे असेल तर महिनाअखेरीस ड्यूटीचा तक्ता ती कसा लावते हे शेजारी बसून पाहावे. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन पाळ्या आणि नाइटनंतरची सुट्टी, एवढे गणित कोणालाही येईल. पण ज्या विभागात व्हेंटिलेटर आहेत तेथे रात्री निदान एक तरी मुरलेला हात हवा, अमक्या दोघींचे आपसात बोलणे नाही म्हणून त्यांना एका रात्री एकत्र टाकावयाचे नाही, तमकी नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून रुजू झाली आहे, केरळच्या सिस्टरांना नाताळ हवा आणि मंडला-दिंडोरीकडच्या मुलींना होळीला घरी जावयाचे, करवा चौथला अर्ध्या वॉर्डाची एकदम रजा येते आणि हरितालिकेला आमच्या मराठी मुली उपाशीपोटी ड्यूटी करून वर कोणाला सांगत नाहीत, हे सारे ती पेन्सिल हाती घेऊन, खोडरबर जवळ ठेवून, तासाभरात बसविते. पेन्सिल का, तर शाईने लिहिलेला तक्ता तिच्या हयातीत कधी टिकलेला नसतो. ही विद्या पुस्तकात नाही. ती मिळविण्याचा मार्ग एकच: तीन महिने हा तक्ता दुसरीने लावावा, मेट्रनने फक्त सही करण्यापूर्वी तो पाहावा, आणि जेथे बदल केला तेथे तो का केला हे तोंडाने सांगावे.

हीच गोष्ट किल्ल्यांची. मॉर्फीन आणि फेंटानिल यांच्या दुहेरी कुलपाच्या कपाटाचा हिशेब, म्हणजे प्रत्येक ॲम्प्यूल कोणत्या रुग्णास, कोणाच्या आज्ञेने, किती वाजता दिले आणि रिकामी काच परत आली की नाही याची नोंद, ही मेट्रनच्या खात्यातील सर्वांत जोखमीची बाब आहे. आणि नेमकी तीच ती शेवटच्या दिवसापर्यंत कोणाच्या हाती देत नाही. तिचा हा अविश्वास समजण्यासारखा आहे, कारण नोंदीत तफावत निघाली तर जाब तिलाच द्यावा लागतो. परंतु ज्या बाईला निवृत्तीनंतर हा हिशेब सांभाळावयाचा आहे तिने तो मेट्रनच्या देखरेखीखाली सहा महिने सांभाळलेला असावा, की निवृत्तीच्या संध्याकाळी तिच्या हाती प्रथमच किल्ली पडावी, यांतील कोणता मार्ग अधिक जोखमीचा, याचा निर्णय वाचकांनीच करावा. फाटक्या चादरी आणि मोडकी हत्यारे कंडेम करण्याची कार्यवाही, इंडेंटची वही, ऑक्सिजनच्या सिलिंडरांचा जमाखर्च, निरीक्षणास येणाऱ्या मंडळींनी मागितलेली रजिस्टरे, यांची गोष्टही याच जातीची असल्यामुळे तिचा विस्तार करीत नाही.

कोणाला तयार करावयाचे, हा प्रश्न आता घेता येईल. खाटेजवळ जिचा हात सर्वांत हलका, जिने शीर शोधली की ती एका टोचणीत सापडते, ती अधिसेविका म्हणूनही उत्तमच निघेल असे गृहीत धरण्याची चूक वारंवार होते. पुष्कळदा अशी बाई कारभारात पडली म्हणजे वॉर्ड एका कुशल परिचारिकेस मुकतो आणि कार्यालयास एक दुःखी अधिकारी लाभतो. तिला विचारावे, तिची इच्छा नसेल तर तिच्या नकाराचा मान राखावा. कारभारासाठी निराळे गुण लागतात: डॉक्टरांशी आवाज न चढविता असहमत होता येणे, कोणाची चूक झाली असता तिला चारचौघांत न फाडता एकांतात खडसावणे आणि तरीही चुकीची नोंद न टाळणे, आणि रात्री दोन वाजता अपुऱ्या माहितीवर निर्णय घेऊन सकाळी त्याची जबाबदारी पत्करणे. हे गुण मुलाखतीत दिसत नाहीत. नाइट सुपरच्या फेरीत दिसतात. म्हणून भावी अधिसेविकेला रात्रपाळीच्या पर्यवेक्षणावर पुरेसा काळ ठेवावे, आणि ब्रदरांनाही त्या फेरीतून वगळू नये.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. एकीलाच निवडून तिला युवराज्ञी करू नये. एकीचे नाव फुटले की बाकीच्या तिघी त्या दिवसापासून कामातून मन काढून घेतात. शिवाय ती एकटी विवाहाने, बदलीने वा परदेशच्या नोकरीने गेली तर साऱ्या श्रमांवर पाणी पडते. ज्येष्ठतेच्या यादीत वरच्या असलेल्या तिघी-चौघींना पाळीपाळीने सर्व खात्यांतून फिरवावे, आणि ज्येष्ठ आहे पण कारभाराला कच्ची आहे अशीलाही त्यातून वगळू नये. कारण सरकारी सेवेत शेवटी तिचाच क्रम लागण्याचा संभव असतो, आणि न शिकविलेली ज्येष्ठा ही न निवडलेल्या कनिष्ठेपेक्षा रुग्णांना महाग पडते.

यांना शिकवावे कसे? याचे उत्तर एका शब्दात देता येते: रजा. मेट्रनबाईंनी वर्षातून निदान एकदा तीन आठवड्यांची अर्जित रजा घ्यावी, आणि ती घेण्यापूर्वी अधीक्षकांच्या सहीचा लेखी हुकूम निघावा की, या मुदतीत अमुक सिस्टर अधिसेविकेच्या सर्व अधिकारांनिशी काम पाहतील. पुढच्या वर्षी दुसरीची पाळी. रजेत बाईंना फोन करावयाचा नाही, आणि बाईंनीही तो करावयाचा नाही. यातील दुसरे कलम पहिल्याहून पाळावयास कठीण जाते, असा सार्वत्रिक अनुभव आहे. परत आल्यावर झालेल्या निर्णयांपैकी जे आपल्याला पटले नाहीत ते लगेच फिरवू नयेत, कारण ते फिरविले की शिकविलेले सारे वाया जाते. आपण हजर असताना जे होते ते आपण नसतानाही व्हावे अशी व्यवस्था लावणे हेच खऱ्या देखरेखीचे लक्षण, हा विचार फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ च्या आपल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकातील एका संबंध प्रकरणात मांडला आहे, आणि दीडशेहून अधिक वर्षांनंतरही आपल्याकडे ‘मॅडमशिवाय इथे पानही हलत नाही’ हे वाक्य निरोपसमारंभात स्तुती म्हणून उच्चारले जाते!

सरकारी रुग्णालयांची अडचण येथे स्पष्टपणे मांडली पाहिजे, कारण ती याच शहरात जन्मली आहे. मध्य प्रदेशच्या २००२ च्या पदोन्नती नियमांतील आरक्षणविषयक तरतुदी जबलपूरच्या उच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०१६ रोजी रद्दबातल ठरविल्या. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथे जैसे थे ठेवण्याचा हुकूम झाला, आणि तेव्हापासून राज्यातील बहुतेक खात्यांच्या बढत्या थांबल्या. २०२५ च्या जून महिन्यात मंत्रिमंडळाने नवे नियम मंजूर केले, परंतु तेही पुन्हा याच न्यायालयात आव्हानित झाले. आरक्षणाच्या प्रश्नाच्या न्याय्यान्याय्यतेत येथे शिरावयाचे नाही. आपल्या विषयापुरता परिणाम असा की, वर्षानुवर्षे अनेक जण कनिष्ठ पदाच्याच वेतनावर निवृत्त झाले, आणि वरच्या रिकाम्या जागांचा गाडा ‘प्रभारी’ या शब्दावर चालला. प्रभारी मेट्रनची अवस्था मोठी चमत्कारिक असते. जबाबदारी संपूर्ण, अधिकार संदिग्ध, वेतन जुने, आणि केव्हाही दुसऱ्या हुकमाने बाजूला होण्याची भीती, अशा परिस्थितीत ती कोणाला दुखविण्याचे टाळते. आणि दुखविण्याचे टाळणारी मेट्रन ही रुग्णालयाला परवडणारी चैन नव्हे.

बढती देणे अधीक्षकांच्या हाती नाही, पण प्रभार सुस्पष्ट करणे त्यांच्या अखत्यारात आहे. प्रभाराच्या हुकमात केवळ ‘कामकाज पाहावे’ एवढे मोघम लिहून न थांबता, किरकोळ रजा मंजूर करणे, वॉर्डांतर्गत बदल्या करणे, भांडारातून माल उचलणे, कारणे दाखवा नोटीस काढण्याची शिफारस करणे आणि अधीक्षकांच्या बैठकीस पूर्ण सभासद म्हणून बसणे, हे अधिकार नावनिशीवार लिहावेत. प्रभाराची नोंद सेवापुस्तकात व्हावी, आणि त्या काळातील कामाचा उल्लेख गोपनीय अहवालात यावा, म्हणजे बढतीचे दार उघडेल त्या दिवशी हा अनुभव कागदोपत्री हजर राहील. ज्या बाईने आठ वर्षे प्रभार सांभाळला तिच्यापाशी त्याचा एक कपटाही नसावा, हा अन्याय होय, आणि तो टाळावयास कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

खासगी रुग्णालयांचे रडगाणे याच्या नेमके उलट. तेथे बढती एका सहीसरशी देता येते, परंतु ‘शिकवून तयार करावे आणि शेजारच्याने दोन हजार जास्त देऊन उचलून न्यावे’ या धास्तीने मालक कोणाला शिकवीतच नाहीत. यावर उत्तर असे की, न शिकविलेलीही जातेच, आणि जोवर राहते तोवर चुका करते. पन्नास खाटांच्या इस्पितळात मेट्रनचे काम मालक डॉक्टरांच्या पत्नीच पाहतात, असे जेथे आहे तेथे तर ज्येष्ठ सिस्टरांना वर जावयास जागाच नसते. त्या घराण्याने निदान ड्यूटीचा तक्ता आणि संसर्गप्रतिबंधाचे काम तरी एखाद्या सिस्टरच्या पूर्ण स्वाधीन करावे.

शिक्षणाविषयी थोडे सांगितले पाहिजे. परिचर्येच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात विशेष विषय आहेत ते मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालरुग्ण, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य हे. व्यवस्थापन हा त्यांतील एका पेपराचा विषय आहे, स्वतंत्र शाखा नव्हे. त्यातच आपल्या राज्यातील नर्सिंग महाविद्यालयांची जी चौकशी उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने केली, तिच्या २०२४ सालच्या अहवालात ३०८ पैकी ६५ महाविद्यालये अपात्र ठरली, आणि त्या घोळात अनेक तुकड्यांच्या परीक्षा वर्षानुवर्षे लांबल्या. आज वॉर्डात येणाऱ्या मुलींचा यात दोष नाही. पण त्यांच्यातूनच पंधरा-वीस वर्षांनी अधिसेविका निवडावयाच्या आहेत, तेव्हा प्रमाणपत्रावर भिस्त न ठेवता रुग्णालयाने आपला अभ्यासक्रम आपणच चालविला पाहिजे. त्यासाठी फार खर्च नको. रेल्वे रुग्णालयातील दोन सिस्टर पंधरा दिवस मेडिकल कॉलेजात आणि तेथील दोन रेल्वेत, अशी अदलाबदल दोन अधीक्षकांच्या पत्रव्यवहाराने होऊ शकते. हिंदुस्थानातील परिचर्या क्षेत्रातील पहिली संघटना १९०५ साली लखनौस निघाली ती नर्सिंग अधीक्षिकांचीच होती. तेव्हा अधिसेविकांनी आपल्या चार भिंतींबाहेर एकमेकींस भेटण्याची परंपरा जुनीच आहे, ती महिन्यातून एका दुपारी जबलपुरात चालू ठेवावयास हरकत नसावी.

तरुण सिस्टरांना एवढेच सांगावयाचे की, कोणी तुम्हांला बोलावून कारभार शिकवील याची वाट पाहत बसू नका. ‘ताई, या महिन्याचा तक्ता मी लावून दाखवू का?’ असे स्वतःहून विचारा. पहिल्यांदा नकार मिळेल, तिसऱ्यांदा मिळणार नाही. कारण तक्ता लावण्याचा कंटाळा न आलेली मेट्रन अजून जन्माला यावयाची आहे.

राहता राहिला निवृत्तीचा प्रत्यक्ष काळ. एका मंजूर पदावर दोन व्यक्तींचे वेतन निघत नाही, म्हणून उत्तराधिकारी आपल्या जुन्या पदावर राहूनच शेवटचे तीन महिने मेट्रनच्या कार्यालयात बसेल, आणि तिच्या वॉर्डाचा प्रभार तिच्या खालची पाहील, अशी योजना करावी; याने वॉर्डातील उत्तराधिकाराचीही रंगीत तालीम होते. पहिल्या महिन्यात निर्णय मेट्रनने घ्यावेत व दुसरीने टिपून घ्यावेत, दुसऱ्या महिन्यात दोघींनी मसलतीने घ्यावेत, तिसऱ्यात दुसरीने घ्यावेत आणि मेट्रनने तोंड मिटून बसावे. चार्जच्या कागदावर मालमत्तेच्या यादीबरोबर अपूर्ण प्रकरणांची यादी हवी: कोणाची चौकशी चालू आहे, कोणाचा रजेचा अर्ज अडकला आहे, कोणत्या यंत्राची दुरुस्ती कोणत्या तारखेपासून रखडली आहे, कोणाला काय तोंडी कबूल केले आहे. हे शेवटचे सदर बहुधा कोरे असते, आणि नव्या मेट्रनची पहिल्या सहा महिन्यांतील निम्मी भांडणे त्या कोऱ्या सदरातून निघतात. निवृत्त बाईंना पहिले सहा महिने पंधरवड्यातून एकदा, ठरल्या वारी, मानधन देऊन बोलवावे. मात्र त्यांनी नव्या मेट्रनच्या खोलीत बसावे, वॉर्डात फिरू नये, आणि कोणी सिस्टर तक्रार घेऊन त्यांच्या घरी गेली तर तिला चहा पाजून आल्या पावली परत पाठवावे.